समुद्रदर्शनाची खोली

३ सप्टेंबर
किनाऱ्यावरच्या बास्तिया शहरातून लेकीचा, सावेरियाचा फोन. म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून एकटेच आहात. बर्फ पडायच्या आत इकडे या." मी सांगितलं, जमणार नाही, वरची खोली पाहुण्यांना भाड्याने देतोय. हे बोलता बोलताच ठरलं. उत्तम कल्पना आहे.

५ सप्टेंबर
जाहिरात दिली : डोंगरातली शांत खोली, समुद्रदर्शन. शेजारचा दुमेनिकू म्हणाला, "सान्तू, समुद्र कुठला? मधे आख्खा चिंतू डोंगर उभा आहे, सत्तावीसशे मीटरचा." अरे, पण आपलं कॉर्सिका रुंदीला जेमतेम त्र्याऐंशी किलोमीटर. चहूकडे पाणीच. डोंगर मधे आला, हा तपशील. दुमेनिकूला धंद्यातलं कळत नाही.

१६ सप्टेंबर, दुपार
उत्तर फ्रान्समधल्या लील शहरातून देल्वाल नवरा-बायको आले. आठवडाभर राहणार. बाईंनी खिडकी उघडून बराच वेळ पाहिलं. समुद्र कुठाय विचारलं. मी बोट दाखवलं. दिशा अचूक होती. म्हणाल्या, "तिथे तर डुक्कर आहे." ते दुमेनिकूचं. सांगितलं, हलेल इतक्यात.

१७ सप्टेंबर
सकाळी देल्वालसाहेबांनी विचारलं, समुद्र किती लांब? सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, म्हणालो. खरं तेच सांगितलं. रस्ता सरळ रेषेत जातो का, हे त्यांनी विचारलंच नाही.

संध्याकाळ
समुद्राकडे गेलेले दोघं परत आले. वळणांवर बाईंना तीनदा उलटी. पुढे रस्त्यात गाई बसलेल्या, त्या उठेनात. तिथूनच फिरले. चेस्टनटच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे पोलेंटा, आणि सॉसेज केलं होतं. बाई जेवल्या नाहीत. डोंगराची हवा मानवली असावी, लवकर झोपले.

१८ सप्टेंबर
निघाले. म्हणे बास्तियात समुद्राकाठी हॉटेल घेतो. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, उत्तरं तयार होती. सामान ठेवायला मदत केली. मग दारात उभा राहिलो. बाईंनी घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "इथे तुम्ही एकटेच?" मी म्हणालो, सध्या. लेक बास्तियात असते, हेही कसं कोण जाणे बोलून गेलो. त्या म्हणाल्या, "मग बसा की गाडीत. सोडतो तिच्याकडे." रस्ता दाखवायला कोणी तरी हवंच होतं. बसलो. वळणांवर मला उलटी झाली. बाईंनी पिशवी पुढे केली, पाठीवरून हात फिरवला.

१९ सप्टेंबर, बास्तिया
सावेरियाला सांगितलं, पाहुण्यांना पोचवायला आलो होतो, दुपारच्या बसने परत निघतो. ती म्हणाली, "बाबा, वर गावाकडे जाणारी बस पंधरा तारखेलाच बंद झाली. आता एकदम जूनमध्ये."
दुमेनिकूला फोन करून म्हटलं, गाडी घेऊन ये. म्हणाला, "घराकडे बघतो मी. तू राहा." आणि ठेवला.
सावेरियाला स्पष्ट बजावलं, जूनपर्यंतच, एक दिवस जास्त नाही. ती बरं म्हणाली. जावयाचा स्वेटर घेऊन आली. मी म्हणालो, मला थंडी नाही. तिने एकेक बाही धरून माझ्या हातांत चढवली आणि बटणं लावली. माझं नाही म्हणायचं राहूनच गेलं.