मध्यम रणगाड्याचं स्थळ

नाते, ता. महाड
१२ जानेवारी २०२५

चि. अश्विन यास,
गीताआत्याचा जयभीम व अ. आ. वि. वि.

सरावात तुमचे फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र. वरंधला जाऊन तुझ्यासाठी मुलगी बघून आले. अनुष्का नाव. शाळेत शिकवते, हसरी हाय. तुझा फोटो तिने दोनदा बघितला रे!

घोडं अडलं बापापाशी. तिचा बाप चंदू घाटात डंपर चालवतो. मुलगा काय चालवतो, म्हणाला. मी ऐटीत सांगितलं, वाळवंटात रणगाडा. केवढा? मी आपलं खरं बोलून बसले, मध्यम. त्याचं तोंडच उतरलं. शेजाऱ्याचा जावई दुबईत म्हणे सगळ्यात मोठी क्रेन चालवतो. मोठ्या रणगाड्यासाठी अर्ज करता येत नाय का, असं विचारतोय. पुढच्या महिन्यात दुसरं स्थळ बोलावलंय त्याने. काहीतरी कर बाबा. तब्येत जप, आणि आत्याला विसरू नको.

तुझी,
गीताआत्या


जैसलमेर
२० जानेवारी २०२५

ती. गीताआत्यास,
सविनय जयभीम.

पत्र वाचून आमचा कमांडर आणि तोफची पोट धरून हसले. मी हसलो नाही. फोटोतली अनुष्का मलाही आवडली आहे.

चंदूकाकांना सांग, वाळवंटात नुसत्या आकाराने भागत नाही. फार जड रणगाडा मऊ वाळूत रुततो. फार हलका छान पळतो, पण एक गोळा लागला की संपला, आणि इथे लपायला झाडही नाही. आमचा मधला मार सोसतो, टेकडीमागून वळसा घालतो आणि शत्रूच्या पाठीमागे निघतो. तरी नाहीच म्हणाले तर राहिलं. अर्ज मी करणार नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
अश्विन


वरंध
२ फेब्रुवारी २०२५

श्री. अश्विन यांस,
जयभीम.

ओळख नसताना लिहिते आहे, कारण गीताआत्या अजून हसताहेत, त्यांना पेन धरवत नाही.

काल त्यांनी तुमचं म्हणणं बाबांना सांगितलं. बाबांना पटेना. मग आत्यांनी आमच्या अंगणातल्या बांधकामाच्या वाळूवर थेट युद्धच लावलं. ढिगाच्या टोकावर फडकं रोवलं. जड म्हणून बाबा, हलके म्हणून माझे हैबतीमामा, मधली मी. बाबा सरळ वर निघाले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. मामा तुरुतुरु चढले, तेवढ्यात आत्यांनी नारळाची सोडणं फेकून मारली. मामा गडगडत खाली! एक मलाही लागलं, पण मी थांबले नाही. मागून चढून फडकं काढलं.

रुतलेल्या बाबांनी मी वर ओढावं म्हणून हात पुढे केला. आधी मध्यम चांगला म्हणा, मगच हात देते, असं मी म्हटलं. विजारीत वाळू जात होती. तरी बराच विचार करून म्हणाले.

तर त्यांचा होकार आहे. माझा मी तुम्हाला समोर बसवून देईन. रजा मिळाली की या, आणि जुने कपडे घालून या. बाबांना आता तुमच्याशी लढायचं आहे. सकाळपासून ढिगावर सराव चालू आहे, तिसऱ्यांदा ओढून काढलं.

वाट पाहते,
अनुष्का