उरलेली अर्धी प्रार्थना

प्रिय सुकन्या,

तिथं तुला आता सिस्टर म्हणत असतील. माझ्याच्यानं ते होणार नाही.

तू बेंगळुरूच्या कॉन्व्हेंटात गेलीस आणि महिन्याभरात माझं कॉलेज सुटलं. वर्गातला एक जण म्हणाला, नवनाथची नन झाली. मी त्याच्या कानाखाली वाजवली. सरांनी माफी माग म्हणून सांगितलं, मी मागितली नाही. आता टॉवेलचा टेम्पो चालवतो. टेंभुर्णीला घरी जात नाही, आण्णा बोलत नाहीत.

शुक्रवार पेठेत काम नसलं तरी तुमच्या दारावरून जातो. एका संध्याकाळी आतून तुझ्या आईची, मावशींची, माळेवरची रोझरी ऐकू आली. मावशी 'नमो मारिया'चा पहिला भाग म्हणायच्या आणि थांबायच्या. उरलेला अर्धा तू म्हणायचीस ना, तेवढी जागा सोडून मग पुढचा मणी. ती रिकामी जागा मला ऐकवेना. उंबऱ्यावर बसलो आणि म्हणून टाकलं, 'पवित्र मारिये, देवाच्या माते'. तुला बघायला म्हणून चर्चच्या मागच्या बाकावर बसून बसून पाठ झालं होतं. मावशींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "देवाच्या आईशी बोलायलास का भांडायलास रं?" तेव्हापासून रोज जातो. आमचा देव बिरुदेव, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या माझ्यासाठी चहा ठेवतात.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी तिथंच असतो. तू त्यांच्यासोबत रोझरी इंग्रजीतून म्हणतेस. इतक्या राज्यांच्या मुली एकत्र, तीच सवय लागली असणार. मावशी फोन कानाला दाबून धरतात आणि तू थांबलीस की आमेन म्हणतात. समजलं का म्हणून विचारतेस, तर म्हणतात, "व्हय की, समदं समजलं." काही समजत नाही गं त्यांना. फोन ठेवल्यावर माळ तशीच हातात घेऊन बसतात, मग माझ्याकडं बघून पहिल्यापासून मराठीत सुरू करतात.

पुढच्या महिन्यात तू नन व्हायचं व्रत घेणार. मावशींना मीच रेल्वेनं घेऊन येतोय. आधी ठरवलं होतं, सगळ्यांसमोर उठून तुला परत चल म्हणायचं. ते जाऊ दे. एवढंच कर, व्रत मराठीतून घे. तुमच्या मदरना आत्तापासून विचारून ठेव. आपली लेक कुणाच्या पदरात चाललीय, हे मावशींना तुझ्या तोंडून कळू दे. आणि मलाही. इंग्रजीतून म्हणालीस तर मला नीट समजलंच नाही, असं मी स्वतःला सांगत राहीन, आणि वाट बघत बसेन.

अजून तरी तुझाच,
नवनाथ