मीठ घातलेलं सिमेंट

आबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली. दर पितृपक्षात मी तुमच्या नावानं पान वाढतो आणि हात जोडून उभा राहतो. दरवर्षी वाटतं, आज मनातल्या मनात सांगून टाकावं. मग कावळा येतो, बायको हाक मारते आणि राहून जातं. म्हणून आज लिहायला बसलोय. त्या चार माशांबद्दल आहे. ते तुमच्या हातून मेले नव्हते. माझ्या हातून मेले होते आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं.

शहरात प्लेग येऊन गेल्यानंतरचं ते वर्ष. गाव सोडून कामासाठी आलेलो आपण तिथल्या बमरोलीला राहत होतो. तुमचे गुडघे गेले होते, परांचीवर चढणं बंद झालं होतं, आणि सगळा जन्म गवंडीकाम केलेला माणूस खोलीच्या दारात बसून समोरच्या चाळीचा गिलावा कुठे फुगलाय ते बघत दिवस काढत होता. मी घोडदौड रोडकडच्या मासळीघराच्या दुकानात होतो, म्हणजे काचेच्या पेट्या आणि रंगीत मासे विकायचं दुकान. तेव्हा मोठ्या घरांतून खाऱ्या पाण्याच्या पेट्यांची हौस सुरू झाली होती. त्या पेटीत समुद्रातला दगड लागतो. साधा दगड नाही, छिद्राछिद्रांचा, आत बारीक जीव वस्तीला असलेला. तेच जीव पाणी साफ ठेवतात, म्हणून त्याला जिवंत दगड म्हणतात. तो मुंबईहून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायचा आणि येईतो निम्मा मेलेला असायचा. शेठनं कुठूनतरी एक कागद आणला. त्यात असा दगड घरी करायची रीत होती. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवायचं. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतायचं. मीठ विरघळलं की दगडाला छिद्रं पडतात. मग सहा आठवडे गोड्या पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, सिमेंटातला चुना सगळा उतरला की खाऱ्या पाण्यात एका खऱ्या दगडाशेजारी मांडायचा. त्या दगडातले जीव हळूहळू ह्याच्यात राहायला येतात.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा तुमचा चेहरा आठवतो. तुम्ही विडी खाली ठेवलीत. "सिमेंटमा मीठ? मीठ सिमेंटले खाई टाकस. घर पडी जाई."

"घर नही आबा, मासासना दगड शे."

"मंग त्या मासासनी काय पाप करं?" तुम्ही म्हणालात, आणि आई भाकरी थापता थापता हसली.

पण दुसऱ्या दिवशी थापी आणि घमेलं तुम्हीच बाहेर काढलंत. एका रविवारी आपण डुमसला शिंपले वेचायला गेलो. तिथला समुद्र चिखलाचा, बघायला काहीच नाही, तरी तुम्ही चपला काढून त्याला नमस्कार केलात आणि मगच वाकलात. रिकामाच शिंपला घेत होता. आत काही हललं तर परत ठेवत होता. घरी आल्यावर तुम्ही माल कालवलात. मी मीठ टाकत होतो, तुम्ही दर मुठीला तोंड वाकडं करत होता, आणि ओल्या वाळूतल्या गोळ्यात बोटं खुपसून भुयारं मात्र अशी पाडलीत की शेठ नंतर म्हणाला, "कारीगर कोण छे?" कितीतरी महिन्यांनी तुमच्या नखांत सिमेंट होतं. मी तुम्हाला इतकं खूश नंतर पाहिलं नाही.

दगड भिजवायला निळा ड्रम दारापाशी ठेवला होता. पाणी बदलायचं काम तुम्ही घेतलंत. शेठनं मला रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या दिल्या होत्या. गावच्या शाळेत गुरुजींनी एकदा लिंबू पिळून दाखवलं होतं तसल्या. पाण्यात बुडवायची, रंग उतरला म्हणजे चुना गेला. चुना राहिला तर मासे जगत नाहीत.

चौथ्या आठवड्यात शेठनं निरोप धाडला. गिऱ्हाइकाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, पेटी त्या दिवशी भरलेली हवी. मी म्हणालो, अजून दोन आठवडे पाहिजेत. शेठ म्हणाला, "अरे भाई, मुहूर्त पत्थर को पूछ के निकलता है क्या?" मी हसलो. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर रागावला असता. पण मला त्या घरात जायचं होतं, पेटीजवळ उभं राहून हे मी केलंय म्हणायचं होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, मी दुकानात असताना, तुम्ही दोन दगड ड्रममधून काढलेत आणि त्यांना कोरं सिमेंट लावून घोटून आरशासारखे गुळगुळीत केलेत. मी आलो तर हातात घेऊन दाखवायला उभे. "मोठा घरमा जाई ऱ्हायना, असा खडबडीत कसा देवाना?" जन्मभर तुम्ही शेवटचा हात असाच फिरवत आला होता. तो फिरवल्याशिवाय काम दुसऱ्याच्या स्वाधीन करणं तुम्हाला जमतच नव्हतं. दगड खडबडीतच का हवा, हे मी तुम्हाला कधी नीट समजावलं नव्हतं. मी चिडलो नाही. ते दोन बाजूला ठेवले, तुमच्यासमोर ड्रमचं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवली. पट्टीचा रंग उतरला नव्हता. आदल्या आठवड्यात होता तेवढाच गडद. मी ती पट्टी चुरगळून मोरीत टाकली आणि बाकीचे दगड रिक्षात भरले.

वास्तुशांतीच्या दिवशी पेटी छान दिसली. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले चार मासे तुमच्या भुयारांतून आतबाहेर करत होते. तिसऱ्या दिवशी चारही वर तरंगत होते.

शेठनं मला दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, काय केलंस? तुम्ही तेव्हा माझा डबा घेऊन आला होता, काउंटरशी उभे होता. मी तुमच्याकडे न बघता म्हणालो, "आबांनी दगडांवर वरून सिमेंट घोटलं. मला विचारलं नाही." ते घोटलेले दोन दगड तेव्हा आपल्या दारात पडलेले होते. ते पेटीत गेलेच नव्हते. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्ही एक क्षण माझ्याकडे पाहिलंत. मग डबा काउंटरवर ठेवलात आणि हात जोडलेत. "मेरी गलती शेठ. बूढा आदमी, आदत पड गयी है." शेठनं तुमच्या वयाकडे पाहून विषय सोडला. माझी नोकरी राहिली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आईनं विचारलं तर म्हणालात, "चार जीव गयात." देवासमोर बसलात ते बराच वेळ उठलाच नाहीत. मी तिथेच बसून भाकरी खाल्ली.

पुढच्या हिवाळ्यात गावी तुम्ही अंथरूण धरलंत. मी तीन दिवस उशाशी होतो. एका दुपारी चहा पाजताना तुम्ही विचारलंत, "दगड आते जमतस का रे?" मी म्हणालो, जमतात, आता पुरे सहा आठवडे भिजवतो. तुम्ही डोळे मिटले आणि म्हणालात, "पानी माराना कामले घाई चालत नही, भाऊ." एवढंच. त्यात ठपका नव्हता. शिकाऊ माणसाला सांगावं तसं सांगितलंत. मी तुमचं तोंड पुसलं. तेव्हा सांगता आलं असतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

देवावर माझा विश्वास आहे, तुम्हीच लावलेला. त्यामुळे वाटतं की तिथे तरी खरं काय ते आधीच ठाऊक असेल आणि त्या चार जिवांसाठी तुम्हाला कुणी जाब विचारला नसेल. पण तुम्ही स्वतःच पुढे होऊन हात जोडले असतील, तर? तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ह्या विचारानं मला अजून देवळात नीट उभं राहता येत नाही.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. गेल्या आठवड्यात लेकीनं विचारलं, आजोबा कसे होते? मी तिला तीच गोष्ट सांगितली, आजोबांनी माशांचे दगड घोटून गुळगुळीत केले आणि मासे मेले. ती खूप हसली, आणि मीही हसलो.