लाल कांबळं घालू की नको

बुधवार, ७ ऑक्टोबर

चिरंजीव नातवास आजीचे भरपूर आशीर्वाद.

तुला एक आजी आहे, हे आठवतं का? विसरला असशील तर ओळख करून देते. चुलीशेजारी बसते, दात मोजकेच उरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. इस्पितळात जाऊन पंधरवडा झाला, तुझी एक ओळ नाही. पडलास तेव्हा पाय मोडला होता ना? की प्लास्टर हाताला घातलंय? एकदा नीट बघून घे.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून चमकू नकोस. मी सांगतेय आणि जीपवाला लिहितोय. वादळात टॉवर पडल्यापासून फोन मुका झालाय. तेव्हा हीच चिठ्ठी घेऊन तो आज तुझ्याकडे येईल आणि उद्या दुपारच्या आत तुझं उत्तर घेऊन परतेल. त्याला रिकाम्या हाती पाठवू नकोस.

इकडे सगळं ठीक. शेळी अजून लंगडतेय, म्हणजे घरात तुझी आठवण काढायला कुणीतरी आहे. तुझी बायको बरी आहे. कामात आहे, म्हणून तर लिहायला जीपवाला धरला.

पाहुणे आले. तू त्यांना परत पाठवायला सांगितलं होतंस. पण दोन दिवस प्रवास करून दारात उभ्या राहिलेल्या माणसांना काय सांगायचं, नातू पडला, तुम्ही चालू लागा? एक दातांचा डॉक्टर आहे, त्याची बहीण, आणि बहिणीचा नवरा. या नवऱ्याच्या गळ्यात इतका मोठा कॅमेरा की मान पुढे आलीय. वाटाड्या मिळाला. भरवशाचं माणूस आहे. काल सकाळी सगळे तंबू घेऊन पठारावर गेले. रानबकरे, गिधाडं, आणि तू सगळ्यांना सांगतोस तसं, 'अस्वल हमखास'.

आता या हमखासबद्दल बोलू.

काल कोठीत वास सुटला. वासामागे गेले तर तुझ्या दोरखंडांच्या मागे एक डबा, आणि त्यात मिठात घातलेली माशांची डोकी. पाहुण्यांचे मासे साफ केले की डोकी तू मागून न्यायचास. कुत्र्याला, म्हणायचास. कुत्रा वसंतात मेला, तरी डोकी जातच राहिली. मला वाटलं, पोराला फार लागलंय, सवय सुटत नाही. तुझं सांत्वन म्हणून मी दोन जास्तच देत होते.

आज सकाळी मेंढपाळ खाली आला. म्हणाला, "आजी, दुसऱ्या मुक्कामापाशी एक अस्वल ठाण मांडून बसलंय. ओरडलो, दगड मारले, हलेना. खानावळीत ताट यायची वाट बघावी तसं बसलंय."

मला अक्षर येत नाही, पण बेरीज येते. तू पाहुण्यांना अस्वल दाखवायचास, म्हणजे अस्वलाला पाहुणे दाखवायचास. आणि आता पंधरा दिवस त्याचं ताट आलेलं नाही.

नीट वाच. उद्या दुपारी ती माणसं कड्यावर येतील. तिथून पुढे उतरून ती दुसऱ्या मुक्कामाला तंबू टाकणार, आणि भुकेलं अस्वल तंबूत शिरणार. कड्यावरून दुर्बिणीत आपलं छप्पर दिसतं. छपरावर लाल कांबळं म्हणजे सगळं टाकून जवळच्या वाटेने सरळ घरी या, ही तुझ्या आजोबांची रीत. कांबळं मी पेटीतून काढून मांडीवर घेतलंय. पण तू डोकी टाकायचास कुठे? मुक्कामाच्या वर, की खाली, त्या जवळच्या वाटेवरच? वर टाकत असशील तर कांबळं घातलं की ती वाचतील. खाली टाकत असशील तर कांबळं घालून मीच त्यांना त्याच्या पुढ्यात धाडीन. माणूस पाठवायचा तर जवळच्या वाटेने तोही अस्वलापाशीच जाईल, आणि लांबच्या वाटेने तो पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

तुला मी ओळखते. तू लिहिशील, कसली डोकी, कसलं अस्वल. ओठाला साखर चिकटलेली असताना साखर पाहिलीच नाही म्हणणारा तू. म्हणून जे सांगणार नव्हते ते सांगते. जीपवाला हात आखडतोय. म्हणतो, "नको आजी, तो खाटेवरून उडी मारेल." लिही म्हटलं.

वाटाड्या तुझी बायको आहे.

उडी मारू नकोस. मोडका पाय तिच्या काही कामाचा नाही. वर की खाली, तेवढं खरं सांग.

मांडीवर कांबळं घेऊन बसलेली,
तुझी आजी

*

रविवार, ११ ऑक्टोबर

चिरंजीवास आशीर्वाद. या खेपेला थोडे कमी.

अक्षर ओळखलंस ना? म्हणजे तुझी बायको खाली आली. सगळे सुखरूप आहेत. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

गुरुवारी दुपार टळायला आली तरी जीपचा पत्ता नव्हता. वाटेत चाक बसलं होतं म्हणे. ढग कड्यावर चढत होते. आणखी थोड्या वेळात छप्परही दिसलं नसतं. शेवटी मी कांबळं खांद्यावर टाकलं आणि शिडी चढले. काहीच न करण्यापेक्षा काहीतरी करावं, असं माणसाला वाटतं ना, तसं. वरच्या पायरीवर पोचले तोच जीपवाला अंगणात धावत आला, चिठ्ठी वर धरून. "आजी, खाली!" मला वाटलं मलाच उतरायला सांगतोय. म्हटलं, "तू तुझं बघ." तर म्हणाला, "तुम्ही नाही, डोकी. डोकी खाली टाकायचा तो."

शिडी धरून तिथेच उभी राहिले. पुढे तुझ्या माफीच्या ओळी होत्या, त्या मी त्याला वाचू दिल्या नाहीत.

लाल घालायचं नाही एवढं कळलं. पण 'थांबा' म्हणायला आपल्याकडे रंगच नाही. तुझ्या आजोबांना थांबणं ठाऊकच नव्हतं. मग लाल सोडून घरात होतं नव्हतं ते छपरावर टाकलं. चादरी, पडदे, टेबलावरचं मेणकापड, तुझे सगळे पायजमे. जीपवाला खालून कपडे फेकत होता आणि म्हणत होता, "आजी, पाऊस येतोय." म्हटलं, म्हणूनच तर घालतेय.

पुढचं मी पाहिलेलं नाही. हिच्याकडून ऐकलंय, आणि ही जास्त बोलत नाही हे तुला माहीत आहे.

कड्यावर हिने दुर्बीण लावली आणि माणसांना बसवलं. दातांच्या डॉक्टरने विचारलं, काय झालं. ही म्हणाली, "पाऊस येत असताना आजी धुणं घालतेय. एक तर तिचं डोकं फिरलंय, नाहीतर ती काही सांगतेय."

"फिरलं असेल तर?"

"तरी थांबू. फिरलेल्या डोक्यानेसुद्धा ती उगाच शिडी चढणार नाही."

ढग फाटले तेव्हा जवळच्या वाटेवर अस्वल दिसलं. तोंड यांच्याकडे करून बसलेलं. वारा यांच्या पाठीमागून होता. ते उठलं आणि वर यायला लागलं. धावत नाही, गुरगुरत नाही. ही म्हणते, ओळखीच्या माणसाकडे यावं तसं आलं. कॅमेरेवाल्याने खाण्याची पिशवी फेकायला काढली, तर हिने त्याचा हात धरला. "आज दिलंत तर उद्याच्या माणसाकडे मागेल." सगळ्यांना एकत्र उभं केलं, पातेली वाजवायला लावली, आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे घ्यायला लावलं. ते पार जवळ आलं. डॉक्टर म्हणाला, सगळे दात निरोगी आहेत, आणि मग त्याला रडू आलं. तिथे ते थांबलं. यांच्याकडे बघत राहिलं, आणि खाली बसलं.

"चिडलं नव्हतं ते," ही म्हणाली. "त्याला कळतच नव्हतं."

हे लिहिताना ती पेन इतकं दाबतेय की खालचा कागदही भरत आलाय.

मग लांबच्या वाटेने निघाले. रात्र उघड्या धारेवर काढली, पाण्याशिवाय, चूल न पेटवता. परवा घरी आले. पिशव्या टाकण्याआधी हिने मला विचारलं, "त्याला कुणी सवय लावली?" मी तुझं नाव घेतलं. खोटं बोलले असते तर जेवण गोड लागलं नसतं, आणि खरं बोलले तर ती जेवलीच नाही.

पाहुण्यांना तिने स्वतः सांगितलं. वनरक्षकालाही सांगितलं. त्याने बर्फ पडेपर्यंत दुसरा मुक्काम बंद केलाय. हिवाळ्याच्या झोपेत अस्वल विसरलं तर बरं. वसंतात घरांकडे आलं तर गोळी घालतील. ती गोळी त्याला लागेल, तुला नाही. यावर मी आणखी काही बोलत नाही.

उद्या ही रक्षकाबरोबर ती जागा साफ करायला जाणार आहे. पुढचे पाहुणे हीच नेईल, पलीकडच्या धारेवर. जे दिसेल ते दिसेल, हमखास काही नाही. तुझा पाय बरा झाला की तंबू पाठीवर घे आणि तिच्या मागून चाल. मागून तिची चाल छान दिसते. हे लिहिणार नाही म्हणाली. मग मी पुढचं सांगायचंच थांबवलं, तेव्हा लिहिलं.

तुला काही कळवायचंय का, विचारलं. म्हणाली, "तो आल्यावर बोलेन." बोलेन म्हणाली, हे लक्षात घे. बोलणार नाही असं म्हणाली नाही.

उशिरा का होईना एकदा खरं बोललास, म्हणून अजून तुझीच,
आजी

ता. क. पुढच्या जीपने खजूर पाठव. मऊ, काळा, बिया असलेला. मला चाववत नाही, तिला आवडतो. पुड्यावर माझं नाव घालू नकोस, तिचं घाल, आणि तुझ्या हाताने घाल.