मर्मस्थाने

तिसगाव, ९ जानेवारी १९९४
श्रीरामपूरचे बिऱ्हाड आवरून आज दुपारी येथे पोहोचलो. टेम्पोतून एकही बरणी न फुटता उतरली; सामान मी स्वतः बांधले होते. घर लहान, पण हवा कोरडी आहे. सौ. विजयमालेच्या कंपवाताला ती मानवेल. पूर्वी येथे गहिनीनाथ नावाचे साधक राहत. ते गतवर्षी वारले. मधल्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी गेरूने काढलेले मोठे श्रीयंत्र आहे. त्यांची बहीण लंकाबाई शेजारी राहते, तीच घरमालकीण. तिने आणलेला चहा विजयमालेच्या हातून निम्मा सांडला, तेव्हा विजयमालाच हसून म्हणाली, की फरशीलाही तल्लफ आली असेल.

१२ जानेवारी
स्नानोत्तर दोघेही यंत्रापुढे बसतो. बाहेरील चौकटीपासून पाकळ्या, पाकळ्यांपासून त्रिकोण, अशी दृष्टी आत न्यायची. पापणी लववायची नाही. विजयमालेचे चित्त लगेच स्थिरावते. माझे स्थिरावत नाही, कारण आकृती सदोष आहे. तीन रेषा जेथे छेदतात, त्या स्थानास मर्म म्हणतात. तेथे तिन्ही नेमक्या एकत्र याव्यात. येथे एकाही मर्मात त्या येत नाहीत. चाळीस वर्षे भूमिती शिकविलेल्या माणसाने हे सोसणे कठीण आहे.

१५ जानेवारी
पट्टी व बारीक कुंचला घेऊन उजवीकडील एक मर्म दुरुस्त केले. ध्यान आटोपल्यावर पाहतो, तो विजयमालेच्या उजव्या हातास कंप नाही! सहा वर्षांनी तिने सुईत दोरा ओवला आणि माझ्या सदऱ्याचे बटण लावून दिले. मी बराच वेळ चष्मा पुसत राहिलो.
लंकाबाईस सांगितले, तर ती संतापली. "गुरुजी, दादानं रेघा मुद्दाम ढिल्या ठिवल्यात. जो म्होरं ध्यान लावतो, त्याचंच अंग हाय ते. सांधा ढिला हाय, म्हनून तर मानूस हालतोय!" मी तिला भूमिती समजावून सांगितली नाही.

१९ जानेवारी
डावीकडील चार मर्मे पूर्ण केली. डावा हातही शांत झाला. मात्र उजवी बोटे आता मिटत नाहीत. उरलेली मर्मे ढिली असल्यामुळे ताण विषम पडत असावा. सर्वच नीट केली पाहिजेत. विजयमाला म्हणाली, "अहो, राहू द्या ना. थरथरत होता, पण हात माझा होता." वेदनेमुळे ती असे बोलते.

२३ जानेवारी
आणखी नऊ. तिचे गुडघे आखडले, कंबरही. आज ती बसण्यास तयार नव्हती. मी तिला यंत्रासमोर टेकवून बसविले. मान वळत नसल्याने दृष्टी आपोआप स्थिर राहिली.

२६ जानेवारी
शाळेतून झेंड्याची गाणी ऐकू येत असता तिचा जबडा मिटला. शेवटचा शब्द "अहो".
लंकाबाईच्या सांगण्यावरून एक मर्म ओल्या फडक्याने पुसले. काटकी मोडावी तसा आवाज झाला. विजयमालेचे मनगट—
तिला ओरडता येत नाही. पुन्हा पुसणार नाही.

२८ जानेवारी
छाती हलते. डोळे हलतात. बाकी काही नाही.
यंत्राच्या मध्यावर बिंदू दिलेलाच नाही. तो देऊन सोडवू का, असे तिला विचारले. पापणी एकदा मिटली तर होय, दोनदा मिटली तर नको.
एकदा मिटली.

२९ जानेवारी
बिंदू दिला. श्वास थांबला. डॉक्टरांनी नाडी पाहिली. दाखला लिहून दिला.

दुपार
अंगणात तिरडी बांधत आहेत. लंकाबाईने पापण्या मिटविल्या होत्या. त्या उघडल्या. बायका म्हणाल्या, असे होते कधी कधी.
मी डावीकडे सरकलो. मग उजवीकडे. बुबुळे माझ्यामागे—
त्यांच्या व तिच्या मध्ये मी बसलो आहे. वही मांडीवर. तिचे डोळे कोणाला दिसत नाहीत.
सांगितले, तर हे कोणी केले ते विचारतील.
लाकडे आली. ती ऐकते आहे. मडके कोण धरणार, असे विचारत आहेत. आम्हांस मूल नाही. मी धरीन, असे मी मोठ्याने सांगितले.
पापणी दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा—