दुसरी शेपटी

३ मार्च
टॅबलेटवर गणित शिकवलं तर मुलांचे मार्क वाढतील की उलट कमी होतील? मला सांगता येत नाही. म्हणून प्रयोगाच्या प्लॅनमध्ये टू-टेल्ड टेस्ट लिहिली: फरक कुठल्याही बाजूला पडो, दिसला पाहिजे. संस्थेच्या अमीनाबादच्या वर्गात वीस मुलं माझ्याकडे टॅबलेटवर, वीस माणिकताईंकडे. ताई तोंडी पाढे घेतात. मलाही त्यांनीच शिकवले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी; आकड्यांशी बेइमानी करणार नाही.

२८ मार्च
मुलांची चाचणी झाली. माझी सरासरी १३.९, ताईंची १२.४! पण पी, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०७४. फरक सिद्ध म्हणायला हवा ०.०५ च्या आत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
'माझीच सरासरी जास्त' एवढी एकच बाजू धरून वन-टेल्ड केली. पी निम्मा. ०.०३७! यात फसवणूक नाही. मार्क वाढणार हे मनात पहिल्यापासून होतंच. (३ तारखेचं पान उघडू नये.) प्लॅनमध्ये 'टू' खोडून 'वन' लिहिलं. एकच शब्द.

३० मार्च
बाबांना समजावलं, टू-टेल्डची वन-टेल्ड केली. टेल म्हणजे शेपूट म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग दुसरी कुठे गेली? मी म्हटलं, भाजी गार होतेय, जेवून घ्या.

१ एप्रिल
संस्थेचे राघव सर खूश. म्हणाले, साबित हो गया ना? तो माणिकजी का बैच बंद. मी म्हटलं, जी सर. खरं सांगणारच होते, पण मीटिंग लांबली असती.

४ एप्रिल
ताईंनी पाठीवर थाप मारली. हुशार कार्टी म्हणाल्या. मग हळूच, ते टॅबलेट मलाही शिकव गं, कुठे लागलंच काम तर. मी म्हटलं, सोपं आहे ताई. उद्या सरांना सांगायचंच.

५ एप्रिल
ताप. ९८.८. घरीच.

७ एप्रिल, दुपारी १
सांगितलं. बाजू आकडे बघून निवडली, प्लॅन खोडला, फरक सिद्ध झालेला नाही. सर म्हणाले, अरे, टेल-वेल किसने पढ़ा, मैंने तो बस एवरेज देखा था. आता दुसरी खोली दुसऱ्या कामाला देऊन टाकलीय, एकच वर्ग राहील. किसका, वो तुम ही बता दो.
ताईंना कळलं तेव्हा त्या माझ्यावरच ओरडल्या: वेडी आहेस का, दीड मार्क काय कमी असतो?
तोवर मी कागदावर त्यांचं नाव लिहून, सही करून, टॅबलेटच्या कपाटाची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवून आले होते.