हाकेला ओ

४ ऑगस्ट, सोमवार

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक कुकर आणि कमरेत भरलेली उसण, एवढं सगळं घेऊन जिना चढले. घर अगदी आटोपशीर आहे. स्वयंपाकघर, एक खोली, दोन्हींच्या मधून जाणारा अरुंद पॅसेज आणि त्याच्या टोकाला गॅलरी. गॅलरीत उभं राहिलं की समोर नुसता डोंगर, आणि त्यावरून खाली आलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा. खाली घरमालकीण काकू राहतात. चहाचा कप संपायच्या आत त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली. मीही काही कमी नाही, त्यांची काढून घेतली. आमचं जमणार.

नोकरी सहलीच्या बसवर गाइडची. दवाखान्याच्या काउंटरवर जन्मभर पेशंटना हाका मारल्या, आता माइक हातात घेऊन डावीकडे बघा, उजवीकडे बघा. हे मला रेडिओ म्हणायचे. रेडिओला उशिरा का होईना, स्टेशन मिळालं.

लेक नाराज आहे. या वयात डोंगरात कशाला तडफडतेस, माझ्याकडे येऊन राहा, म्हणाली. तिला कसं सांगू. त्या घरात मला श्वास घेता येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी मी नेहमीसारखी स्वयंपाकघरातून हाक मारली, अहो, चहा. गॅलरीतून पेपरच्या मागून नेहमीसारखी ओ आली, ओ, आलो. हे आलो म्हणायचे आणि चहावर साय धरेपर्यंत यायचे नाहीत. सगळा संसार त्यात गेला. त्या दिवशी आलेच नाहीत. पेपर मांडीवर तसाच उघडा होता.

माझे कान अजून त्या आलोवर आहेत. म्हणून घर बदललं. इथे तरी कान शांत होतील.

६ ऑगस्ट, बुधवार

आज शिकाऊ म्हणून बसमध्ये बसले. सकाळी निघायचं, घाट, दरीचं दृश्य, जोडधबधबा, जेवण, आणि शेवटी हाकेचा कडा. तिथे आपण या बाजूला कठड्याशी उभे, मध्ये दरी, समोर उभा कातळ आणि त्यावरून कोसळणारा सगळ्यात मोठा धबधबा. ओरडलं की आवाज परत येतो. लोकांना भारी मजा वाटते.

ऑफिसातल्या बाईंनी एक नियम दोनदा बजावला. कड्यावर कुणाचंही नाव घेऊन हाक मारायची नाही, आणि पाहुण्यांनाही मारू द्यायची नाही. शिट्टी मारा, टाळ्या वाजवा, काय वाटेल ते करा, नाव नको. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, नावाने हाक मारताना माणूस भान विसरून कठड्यावर ओणवा होतो, कुणी पडलं तर निस्तरायचं कुणी. पटण्यासारखं आहे. ड्रायव्हरमामा मात्र तिथे गाडीतून उतरतच नाहीत. काचा वर करून बसतात. गुडघे दुखतात म्हणाले. बाकी सगळ्या ठिकाणी टुणटुणीत उतरतात.

१० ऑगस्ट, रविवार

पहिली सहल एकटीने पार पाडली. शाबास रेडिओ. एका गृहस्थांनी विचारलं, धबधबा किती वाजता बंद होतो. आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, विनोद नव्हता. नव्या जोडप्याचं खिडकीवरून वाजलं आणि जोडधबधब्यापाशी मिटलं, नाव सार्थ झालं. एका आजोबांना घाट बाधला, मामांनी पिशवी इतक्या चपळाईने पुढे केली की मी बघतच राहिले.

कड्यावर सगळ्यांचं ओरडून झालं. मंडळी बसकडे वळली. कुणाची छत्री राहिली का बघायला मी मागे थांबले. समोर ते पाणी, धुकं, आणि मी एकटी. काय वाटलं कुणास ठाऊक, हाक मारली. अहो.

नाव कुठे घेतलं मी? नाव मी आजवर कधी तोंडाने घेतलेलं नाही, लग्नाच्या दिवसापासून नाही. अहो म्हणजे काही नाव नव्हे.

आवाज परत आला. अहो. मग त्याच्या मागून, झिजलेला, हो. आणि अगदी शेवटी, लांबून, ओ.

मला कळतं, तो माझाच आवाज होता. शब्द झिजत गेला आणि शेवटचा तुकडा तेवढा उरला. पण दोन वर्षांनी माझ्या हाकेला ओ आली. कठडा धरून मी इतकी रडले की मामांना हॉर्न वाजवावा लागला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आजही मागे थांबले. छत्री मीच विसरले होते, मुद्दाम. अहो म्हटलं. अहो, हो, ओ. आणि मग, थोडं थांबून, आलो.

मी आलो म्हटलं नव्हतं. मी म्हटलं असतं तर आले म्हटलं असतं.

परतताना माइक हातात धरून गप्प बसले. रेडिओ हे नाव मामांना मीच सांगितलंय. त्यांनी आरशातून बघत विचारलं, रेडिओचे सेल उतरले का. मी हसले. खरं तर मुलीसारखं पुन्हा पुन्हा हसू येत होतं. हे लिहितानाही येतंय. माझं वय काय, मी करतेय काय.

१७ ऑगस्ट, रविवार

आज हाक पुरती तोंडाबाहेर पडायच्या आत ओ आली. समोरच्या कातळावरून नाही, अलीकडून. कठड्याच्या खालून.

मी वाकून बघितलं नाही. भीती म्हणून नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर मग माझ्याजवळ काय उरणार.

बसमध्ये मागची सीट आज रिकामी होती. घाट उतरून खाली आलो तेव्हा मामा त्या सीटपाशी फडकं घेऊन उभे. विचारत होते, इथे भिजलेलं कोण बसलं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी पुढे असते. मामांनी फडकं पिळलं आणि म्हणाले, बाई, वर कुणाचं नाव तर नाही ना घेतलंत. मी शपथेवर नाही म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

२० ऑगस्ट, बुधवार

आज सुट्टी. सकाळी चहा टाकला आणि सवयीने, अगदी नकळत, तोंडातून गेलं, अहो, चहा झाला.

गॅलरीतून ओ आली. ओ, आलो.

गाळणं हातात तसंच राहिलं. मग मी काय केलं, तर दुसरा कप काढला. साखर अर्धा चमचा, यांना तेवढीच लागते. गॅलरीकडे पाठ करून बसले आणि बडबडत सुटले. लेकीचं सांगितलं, धबधबा बंद होण्याची वेळ विचारणारे गृहस्थ सांगितले, यांच्यामागे माझे किती हाल झाले तेही सांगितलं. तिकडून मधूनमधून हुंकार येत होता. चहावर साय धरली. आले नाहीत. न येवोत. हे असंच तर असायचं आमचं.

दोन वर्षांत इतकं सुख झालं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

२३ ऑगस्ट, शनिवार

काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, पाहुणे आलेत का, वर पुरुषमाणसाचं खाकरणं ऐकू येतं. डोळे मिचकावून विचारलं. मी म्हटलं, रेडिओ लावते. मनात म्हटलं, रेडिओ तर मीच.

सकाळी गॅलरीत पेपर ठेवते, तो पिळून काढावा इतका ओला होतो. पॅसेजमध्ये शेवाळाचा वास येतो. फिनेलने पुसलं तरी येतो.

आता गॅलरीतून ओ येत नाही. पॅसेजमधून येते. रोज थोडी अलीकडून. हे कधी असे येत नव्हते. हे जागचे हलायचे नाहीत, मीच चिडून चहा नेऊन द्यायची.

२६ ऑगस्ट, मंगळवार

लेकीचा फोन. रविवारी सकाळी येतेय, आठ दिवस राहणार. मी आनंदाने इतकं मोठ्यांदा बोलले की मागून हुंकार आला. लेक बोलता बोलता थांबली. आई, कोण आहे तिथे?

मला राहवलं नाही. म्हटलं, तूच सांग, कुणाचा आवाज वाटतो. अगं नीट ऐक. मी फोन पॅसेजकडे धरला आणि हाक मारली. आली ओ. ओ, आलो. स्पष्ट आली. जशीच्या तशी.

लेक म्हणाली, कुणीतरी अनोळखी माणूस आहे, घोगऱ्या आवाजाचा. मी म्हटलं, बाबांसारखा नाही वाटला? ती रडत म्हणाली, नाही गं आई. बाबांसारखा अजिबात नाही.

फोन ठेवला. मी काय ऐकतेय मग इतके दिवस.

२७ ऑगस्ट, बुधवार

घाटात पाऊस आत येत होता. मागून एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, अहो, जरा खिडकी लावा. बसमधल्या सगळ्या पुरुषांनी वळून बघितलं. मामांनीसुद्धा आरशात बघितलं. सगळी बस हसली.

मी नाही हसले. माइक बंद करून टाकला.

अहो म्हणजे कुणीही. रिक्षावाल्याला अहो, दुकानदाराला अहो, रस्त्यातल्या परक्या माणसाला अहो. ऑफिसातल्या बाई नाव नको म्हणाल्या, आणि मी त्याहून वाईट केलं. नाव घेतलं असतं तर निदान एकालाच बोलावलं असतं. मी त्या दरीत उभी राहून अहो म्हटलं. ज्याला यायचं होतं तो आला.

कड्यावर आज मीही गाडीतून उतरले नाही. मामांना सगळं सांगितलं. त्यांना उपाय विचारला. त्यांनाही ठाऊक नाही. जुन्या गाइडने नियम सांगितला होता, पुढचं सांगायला तो राहिला नाही, एवढंच म्हणाले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

हाक मारत नाही. तोंडावर पदर दाबून बसते. सवय वाईट, चहा उकळला की शब्द ओठावर येतो —

तरी ओ येते. न मारलेल्या हाकेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलंय. मी मागे बघत नाही. पायाखाली ओल.

परवा लेक येणार. तिला नको ये म्हटलं, तर आता तर येणारच म्हणाली. ती यायच्या आत हे गेलं पाहिजे. एकच सुचतं. नाव घ्यायचं. यांचं खरं नाव. हे असतील तर ओ देतील. नसतील तर —

नसतील तर मग नसतील. तेच तर होत नाही माझ्याने.

३० ऑगस्ट, शनिवार

आज नाही जमलं. तोंड उघडलं, मिटलं.

आज ते उंबऱ्याशीही थांबलं नाही. माझ्या मानेवर गार थेंब —

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळ

घेतलं. नाव घेतलं. उंबऱ्याकडे तोंड करून, डोळे मिटून, मोठ्यांदा. इतकं परकं वाटलं माझ्याच तोंडात. पुन्हा घेतलं.

काही नाही. ओ नाही, हुंकार नाही. डोळे उघडले तर पॅसेज कोरडा. वास गेला. गेलं ते.

म्हणजे हे नव्हते. एकदाही नव्हते. कुणा परक्याला मी अर्धा चमचा साखर घालून —

लेकीची गाडी पोचली असेल. चहा टाकलाय. एकच कप. घर किती शांत आहे. त्या सकाळीही असंच शांत होतं, पेपरचं पान वाजत होतं तेवढंच. हे गेले. आता लिहिलं. दोन वर्षांत लिहिलं नव्हतं. हे गेले, हे गेले, आणि आता माझ्या हाकेला जगात कुणी ओ देणार नाही.

नाही सहन होत.

एकदाच. आवाज परका तर परका, शब्द तर यांचेच होते ना. लेक जिना चढायच्या आत एकदाच ऐकते, मग पुन्हा नाही, तिची शपथ —

मारली हाक. तीच, अहो.

ओ आली नाही. आलो हा शब्दही नाही. या वेळी नुसतं आलं. माझ्या पाठीला टेकून उभं आहे. ओलं.

खाली फाटक वाजलं. लेक. जिन्यातून हाक मारतेय, आई.

मी तोंड उघडलं. आवाज फुटत नाही. घशात पाणी, नुसतं पाणी. म्हणून लिहितेय, हात तेवढा चालतोय —

आणि माझ्या मागून माझ्याच आवाजात कुणीतरी ओ दिली. ओ, आले गं, आले.

हसली ती. धावत वर येतेय. बाळा, ती मी नाही, मी इथे आहे, मी ओ दिलेली ना